आधी विचारपूस, मग मागणी
माहितीची विनंती आणि प्रस्तावाची विनंती : एक पाठ



आपल्या शाळेचे स्कॉलर रजिस्टर, शुल्काच्या पावत्या, परीक्षांचे निकाल आणि ग्रंथालयाच्या नोंदी एकाच संगणक प्रणालीत आणाव्यात, असा विचार कार्यकारिणीत चालू आहे. अशी वार्ता बाहेर कशी पोहोचते कोण जाणे, पण विक्रेत्यांचे प्रतिनिधी कार्यालयात येऊ लागले आहेत. प्रत्येकाच्या हाती चकचकीत पुस्तिका आणि प्रत्येकाचे म्हणणे एकच : "आमच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे आहे." आता या 'सगळे'मध्ये आपल्याला हवे ते आहे की नाही, हे ठरवायचे कसे?

हा प्रश्न केवळ कार्यकारिणीचा नाही. या कामाला लागणारा पैसा पालकांच्या शुल्कातून आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून येणार आहे. प्रणालीत जाणारी माहिती तर तुमच्याच मुलांची आहे. शिवाय आपले वाणिज्य शाखेचे विद्यार्थी उद्या कुठल्या ना कुठल्या कार्यालयात खरेदीच्या टेबलावर बसतील, तेव्हा हेच काम त्यांच्या वाट्याला येईल. म्हणून या अंकात आम्ही पाठासाठी हाच विषय घेतला आहे.

व्यवसायाच्या जगात विक्रेत्याला दोन वेगवेगळ्या प्रकारची पत्रे लिहिली जातात. एकाला आरएफआय म्हणतात, म्हणजे माहितीची विनंती. दुसऱ्याला आरएफपी म्हणतात, म्हणजे प्रस्तावाची विनंती. नावे सारखी वाटतात, आणि पुष्कळ ठिकाणी दोन्हींची खिचडी होते. पण दोघांचे काम वेगळे, वेळ वेगळी आणि परिणामही वेगळे.

घरच्या कार्याचे उदाहरण

घरात लग्न ठरले म्हणजे आपण काय करतो? आधी दोन-चार आचाऱ्यांकडे, केटररकडे चौकशी करतो. "आपण मराठी पद्धतीचा स्वयंपाक करता का? पुरणपोळी जागेवर लाटून मिळेल का? वाढपी तुमचे की आमचे? किती पानांपर्यंतचे काम झेपते?" या वेळी आपणही काही पक्के केलेले नसते. पंगत बसवायची की बुफे ठेवायचा, हेच घरात ठरायचे असते. तो सांगतो, आपण ऐकतो. त्याच्या उत्तराने आपल्यावर कसलेही बंधन येत नाही. ही झाली माहितीची विनंती.

मग घरी बैठक होते. आजी म्हणते पंगतच हवी, मुले म्हणतात बुफे. शेवटी ठरते. त्यानंतर निवडक तिघांना आपण सांगतो, "अमुक तारीख, संध्याकाळी सात, २५० पाने, हे पदार्थ, वाढपी तुमचे, भांडी तुमची, उरलेले अन्न आमचे. पानामागे भाव काय ते लिहून द्या. व्यवस्था कशी करणार, तेही लिहा." ही झाली प्रस्तावाची विनंती.

पहिल्या भेटीतच कोणी "पानामागे किती?" असे विचारले, तर आचारी काय सांगणार? पदार्थ ठरलेले नाहीत, माणसे ठरलेली नाहीत. तो एक आकडा ठोकून देतो, आणि पुढे "ते त्यात धरले नव्हते" असे म्हणत त्यात भर घालत जातो. उलट सगळे ठरल्यावरही आपण नुसतेच "तुम्ही काय काय करता?" असे विचारत राहिलो, तर कार्य तोंडावर येते आणि आचारी ठरलेलाच नसतो. दोन्ही चुका पैशाच्या आहेत, आणि दोन्ही टाळता येतात.

विचारण्याआधी घर पाहावे

विक्रेत्याला पत्र लिहिण्याच्याही आधी एक पायरी असते, ती म्हणजे आपल्याच कामाचा नकाशा काढण्याची. १९७० च्या दशकात आयबीएम या कंपनीने यासाठी एक पद्धत मांडली. तिचे नाव बिझनेस सिस्टिम्स प्लॅनिंग, थोडक्यात बीएसपी. तिचा मुख्य विचार साधा आहे : संगणक कोणता घ्यायचा हे आधी ठरवू नये. संस्था कोणती कामे करते आणि त्या कामांना कोणती माहिती लागते, हे आधी पाहावे. नियोजन वरून खाली करावे, उभारणी खालून वर करावी. खात्यांची नावे बदलतात, माणसे बदलतात. पण कामे आणि त्यांना लागणारी माहिती सहसा टिकून राहते, म्हणून पाया तिच्यावर घालावा.

या पद्धतीत एक चौकटींचा तक्ता काढतात. डाव्या बाजूला कामे, वरच्या बाजूला माहितीचे प्रकार. जे काम ती माहिती प्रथम तयार करते तिथे एक खूण, जे काम ती नुसती वापरते तिथे दुसरी खूण. आपण 'त' म्हणजे तयार करते आणि 'व' म्हणजे वापरते, असे धरू.

आपल्या शाळेची कामे घेऊ : प्रवेश, शुल्क, हजेरी, परीक्षा, ग्रंथालय, बस, शाळा सोडल्याचा दाखला. माहितीचे प्रकार घेऊ : विद्यार्थ्याचे नाव व जन्मतारीख, पालकांचा पत्ता, शुल्काची बाकी, गुण, पुस्तकांची देवघेव. आता 'विद्यार्थ्याचे नाव' या रकान्यात पाहा. प्रवेशासमोर 'त' येतो, आणि बाकी सहाही कामांसमोर 'व' येतो. म्हणजे नाव एकदाच लिहिले जायला हवे आणि सर्वांनी तेच वापरायला हवे. प्रत्यक्षात कागदी कारभारात ते सात वह्यांत सात वेळा लिहिले जाते, आणि दर वेळी लिहिणारा हात वेगळा असतो.

इंदूरसारख्या शहरातील मराठी शाळेत या गोष्टीला फार महत्त्व आहे. आपल्याकडचे 'काळे' हिंदीत सहज 'काले' होतात, 'बाळ' आडनाव 'बाल' होते, 'गोऱ्हे' कोणाला लिहिता येत नाही म्हणून 'गोर्हे' होतात. हिंदीच्या नेहमीच्या वर्णमालेत ळ नाही, यात कोणाचा दोष नाही. पण स्कॉलर रजिस्टरमध्ये एक, गुणपत्रिकेत दुसरे, समग्र आयडीत तिसरे आणि आधार कार्डावर चौथे, असे झाले म्हणजे पुढे महाविद्यालयात, पासपोर्टला, नोकरीत त्या मुलाला शपथपत्रे करत हिंडावे लागते. आजी-आजोबांचे आडनाव नातवाच्या दाखल्यावर नीट उमटावे, एवढी साधी अपेक्षा आहे. ती पुरी करणारी प्रणाली कोणती, हे पुस्तिकेतील रंगीत चित्रांवरून कळत नाही. त्यासाठी विचारावे लागते.

माहितीची विनंती : आरएफआय

नकाशा हाती आला, की आरएफआयची वेळ येते. या वेळी आपल्याला आपला प्रश्न ठाऊक असतो, उत्तर ठाऊक नसते. बाजारात काय मिळते, ते किती ठिकाणी चालू आहे, त्याला काय लागते, साधारण खर्च कोणत्या पट्टीतला आहे, एवढे जाणून घ्यायचे असते. पत्र छोटे असावे. दोन-तीन पाने पुरेत. प्रश्न मोकळे असावेत, म्हणजे ज्यांचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' इतकेच येणार नाही असे.

आपल्या शाळेच्या पत्रात आम्ही हे प्रश्न घालू :

१. तुमच्या प्रणालीत नावे देवनागरीत कशी साठवली जातात? ळ, ऱ्ह आणि ॲ ही अक्षरे पडद्यावर, छापील कागदावर आणि शोध घेताना, तिन्ही ठिकाणी नीट चालतात का? ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत आले, म्हणून त्याआधीच्या जुन्या प्रणालींबाबत हे मुद्दाम विचारायचे.

२. आमच्या जुन्या याद्या कृतिदेव फॉन्टमध्ये टंकित आहेत. त्या युनिकोडमध्ये कशा आणाल, आणि आणल्यावर तपासणी कशी कराल? कृतिदेवमध्ये अक्षरे आतून रोमन कळांच्या रूपात साठवलेली असतात. फॉन्ट बदलला की त्यांचा नुसता गोंधळ दिसतो.

३. यूडाइस प्लस आणि समग्र यांसाठी लागणारे क्रमांक ठेवण्याची सोय कशी आहे? समग्रचा सदस्य क्रमांक ९ अंकी आणि परिवार क्रमांक ८ अंकी असतो. चुकून एकाच्या जागी दुसरा भरला गेला, तर प्रणाली काय करते?

४. मुलांची माहिती कुठल्या संगणकावर राहील? ती कोणाकोणाला दिसेल? २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. त्या दृष्टीने तुम्ही काय व्यवस्था केली आहे?

५. वीज किंवा इंटरनेट गेले, तर शुल्काची पावती कशी द्यायची?

६. आम्ही पुढे तुमची प्रणाली सोडली, तर आमची माहिती आम्हाला कोणत्या रूपात परत मिळेल?

७. खर्च कोणकोणत्या शीर्षकांखाली येतो, आणि आमच्याएवढ्या शाळेसाठी तो साधारण कोणत्या मर्यादेत असतो?

सातव्या प्रश्नाकडे लक्ष द्या. इथे आपण भाव विचारत नाही, अंदाज विचारत आहोत. आरएफआयच्या उत्तरात आलेल्या आकड्यावर कोणाला बांधून ठेवता येत नाही आणि त्या आकड्यावरून कोणाची निवडही करायची नसते. पत्राच्या शेवटी स्पष्ट लिहावे : हे पत्र केवळ माहितीसाठी आहे, यातून खरेदीचे आश्वासन मिळत नाही. जो उत्तर देणार नाही, त्याला पुढच्या टप्प्यात यायला बंदी आहे की नाही, तेही लिहून ठेवावे.

उत्तरे आली म्हणजे ती बाजूला ठेवून द्यायची नसतात. ती वाचून आपला नकाशा पुन्हा पाहायचा असतो. कधी असे दिसते, की आपण मागणार होतो त्यातले निम्मे आपल्याला नकोच आहे. कधी उलट होते, आपल्या मनातही नसलेली एखादी उपयोगी सोय कळते. आणि कधी निष्कर्ष असाही निघतो, की सध्या काही विकत घ्यायची गरज नाही, आधी वह्या नीट कराव्यात. तोही आरएफआयचा उपयोगच समजावा. वाचलेला पैसा हा कमावलेलाच पैसा.

प्रस्तावाची विनंती : आरएफपी

आरएफपी लिहिण्याच्या वेळी परिस्थिती बदललेली असते. आता आपल्याला काय हवे ते ठाऊक आहे. ते कोण, कसे आणि किती पैशांत देईल, एवढेच ठरायचे आहे. म्हणून हे पत्र मोठे, नेमके आणि गंभीर असते. उत्तरात येणारा प्रस्ताव ठराविक मुदतीपर्यंत विक्रेत्याला पाळावा लागतो, आणि पुढचा करार त्याच्याच आधारे होतो.

चांगल्या आरएफपीत या गोष्टी असतात : संस्थेची ओळख व विद्यार्थ्यांची संख्या, कामाची व्याप्ती, काय व्याप्तीबाहेर आहे त्याची यादी, अत्यावश्यक गरजा आणि 'असल्यास बरे' अशा गरजा वेगवेगळ्या, कामाचे टप्पे व तारखा, प्रशिक्षण, देखभाल, काम ठरल्याप्रमाणे न झाल्यास कपात, माहितीची मालकी, प्रस्ताव देण्याचा नमुना, शेवटची तारीख, आणि निवड कशी करणार त्याची रीत.

गरज लिहिताना 'कसे करा' असे लिहू नये, 'काय व्हायला हवे' ते लिहावे. "अमुक कंपनीचा डेटाबेस वापरावा" असे लिहिले, तर आपण स्वतःच स्पर्धा कमी केली. "प्रवेशाच्या वेळी एकदा लिहिलेले नाव दाखल्यावर जसेच्या तसे छापले जावे, दुरुस्ती फक्त प्राचार्यांच्या मान्यतेने व्हावी आणि प्रत्येक दुरुस्तीची तारीखवार नोंद राहावी" असे लिहिले, तर ते तपासता येते. जे तपासता येत नाही, ते आरएफपीत लिहून उपयोग नाही. 'वापरायला सोपे असावे' हे वाक्य कानाला गोड लागते, पण ते मोजायचे कसे? त्याऐवजी "नवीन लिपिकाला दोन दिवसांच्या प्रशिक्षणानंतर शुल्काची पावती कोणाच्या मदतीविना काढता यावी" असे लिहावे.

खर्च मागताना पहिल्या वर्षाचा मागू नये, पाच वर्षांचा मागावा. समजा, एक विक्रेता सुरुवातीला १,००,००० रुपये घेतो आणि दुसऱ्या वर्षापासून देखभालीचे दर वर्षी १५,००० रुपये. दुसरा दर वर्षी फक्त ४०,००० रुपये मागतो. पहिल्या वर्षी दुसरा फारच स्वस्त दिसतो. पाच वर्षांत मात्र पहिल्याचे १,६०,००० होतात आणि दुसऱ्याचे २,००,०००. आपल्या माळव्यात म्हणतात, सस्ता रोए बार-बार. ती म्हण इथे आकड्यांनी सिद्ध होते.

गुणांचे माप आधी ठरवावे

प्रस्ताव दोन पाकिटांत मागवण्याची पद्धत आहे. एका पाकिटात काम कसे करणार ते, दुसऱ्यात किंमत. आधी पहिले पाकीट उघडून गुण द्यायचे. ठरलेल्या किमान गुणांपेक्षा कमी मिळाले, तर त्याचे किमतीचे पाकीट उघडायचेच नाही. भारत सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतही दोन पाकिटांची तरतूद आहे. गुणवत्ता आणि किंमत या दोहोंना वजन देऊन निवड करण्याची रीतही त्यांत सांगितली आहे. आपली शाळा खाजगी संस्थेची असली, तरी चांगली रीत उचलायला कोणाची हरकत नाही.

एक उदाहरण सोडवू. तीन प्रस्ताव आले. किमान गुण ६० ठरले होते. 'अ'ला कामासाठी ८५ गुण मिळाले, 'ब'ला ७०, 'क'ला ४५. 'क' इथेच बाद झाला. आता किमती उघडल्या. 'अ'ची पाच वर्षांची किंमत २,४०,००० रुपये, 'ब'ची १,८०,००० रुपये. सर्वांत कमी किमतीला १०० गुण, आणि इतरांना त्या प्रमाणात. म्हणून 'ब'ला किमतीचे १०० गुण आणि 'अ'ला १,८०,००० भागिले २,४०,००० गुणिले १००, म्हणजे ७५ गुण.

कामाला ६० टक्के आणि किमतीला ४० टक्के वजन दिले, तर 'अ'चे गुण ५१ अधिक ३०, म्हणजे ८१. 'ब'चे गुण ४२ अधिक ४०, म्हणजे ८२. 'ब' जिंकला.

कामाला ७० आणि किमतीला ३० टक्के वजन दिले, तर 'अ'चे गुण ५९.५ अधिक २२.५, म्हणजे ८२. 'ब'चे गुण ४९ अधिक ३०, म्हणजे ७९. 'अ' जिंकला.

प्रस्ताव तेच, किमती त्याच. फक्त वजन बदलले आणि निकाल उलटला. म्हणून वजन किती ते पाकिटे उघडण्याआधी ठरवून आरएफपीतच छापायचे असते. पाकिटे उघडल्यावर वजन ठरवणे म्हणजे उत्तरपत्रिका पाहून प्रश्नाचे गुण ठरवण्यासारखे आहे. आपण परीक्षेत ते चालू देत नाही, मग खरेदीत का चालू द्यावे?

तिसरे भावंड : दरपत्रक

या दोघांचे एक धाकटे भावंडही आहे, आरएफक्यू, म्हणजे दरपत्रक मागवणे. वस्तू पूर्ण ठरलेली असते, तिच्यात विचार करण्यासारखे काही नसते, तेव्हा फक्त भाव मागवतात. अमुक वजनाच्या कागदाची ५० रिमे हवीत, तर त्यासाठी आरएफपी काढणे म्हणजे मुंगी मारायला तोफ आणण्यासारखे आहे. थोडक्यात सूत्र असे : प्रश्न ठाऊक आहे पण वाटा ठाऊक नाहीत, तेव्हा आरएफआय. गरज ठाऊक आहे पण उपाय निरनिराळे असू शकतात, तेव्हा आरएफपी. उपायही ठरलेला आहे, तेव्हा आरएफक्यू.

दोन खरी उदाहरणे

आपल्यापैकी पुष्कळांनी पासपोर्ट सेवा केंद्र पाहिले असेल. त्या योजनेच्या आधी हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर स्मार्ट गव्हर्नमेंट या संस्थेने पासपोर्टच्या साऱ्या कामाचा अभ्यास केला. २००७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली. मग स्पर्धेतून निवड होऊन ऑक्टोबर २००८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसशी करार झाला. २०१० मध्ये प्रायोगिक केंद्रे सुरू झाली आणि २०१२ पर्यंत देशभर ७७ केंद्रे उभी राहिली. यात शिकण्याजोगी गोष्ट अशी, की कंपनीचे काय आणि सरकारचे काय, हे आधीच वेगळे केले होते. अर्ज घेणे, फोटो व बोटांचे ठसे घेणे हे काम कंपनीच्या माणसांच्या 'अ' खिडकीवर. कागद तपासणे आणि पासपोर्ट मंजूर करणे हे 'ब' आणि 'क' खिडक्यांवर, सरकारी अधिकाऱ्यांकडे. कंपनीला मोबदला झालेल्या कामाच्या संख्येनुसार, आणि सेवेचा दर्जा मोजण्याची मापे करारातच. घरचा नकाशा आधी काढला होता, म्हणून ही वाटणी करता आली.

उलट उदाहरण अमेरिकेचे. तिथल्या एफबीआय या तपास संस्थेने व्हर्च्युअल केस फाइल नावाची प्रणाली बनवायला घेतली. २००१ साली कंत्राट दिले गेले. पण प्रणालीने नेमके काय करावे, याच्या गरजा तेव्हा पक्क्या नव्हत्या. पुढे त्या बदलत गेल्या, वाढत गेल्या. २००५ मध्ये सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाल्यावर ती प्रणाली वापरात न येताच सोडून द्यावी लागली. तिथल्या न्याय विभागाच्या महानिरीक्षकांच्या अहवालात, गरजा नीट न ठरवता पुढे जाणे हे अपयशाच्या कारणांपैकी एक म्हणून नोंदवले आहे.  जे आधी विचारायचे आणि ठरवायचे होते, तेच काम सुरू झाल्यावर ठरवले जात होते.

विचारण्याचाही धर्म असतो

विक्रेत्यापेक्षा आपण मोठे, असे समजून वागू नये. त्याचेही पोट या धंद्यावर आहे. काही नियम पाळावेत.

एकाच्या उत्तरात आलेली युक्ती किंवा किंमत दुसऱ्याला सांगू नये. एखाद्याने शंका विचारली, तर तिचे उत्तर सर्वांना लेखी पाठवावे. आपली आरएफपी एखाद्या विक्रेत्याकडून लिहून घेऊ नये. तो स्वतःच्या मापाचा अंगरखा शिवून आणील, आणि मग तो दुसऱ्या कोणाला बसणारच नाही. घ्यायचे काहीच नसताना, फुकटचा सल्ला मिळतो म्हणून आरएफआय पाठवू नये. उत्तर लिहायला पुरेसे दिवस द्यावेत. आणि ज्यांची निवड झाली नाही, त्यांना तसे कळवावे, शक्य तर कारणासह.

कार्यकारिणीच्या सदस्यांचा कोणी नातेवाईक विक्रेता असेल, तर त्या सदस्याने निवडीच्या बैठकीत बसू नये. आपला समाज लहान आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. म्हणूनच हा नियम आपल्याला इतरांहून अधिक लागू आहे.

पुढे काय

कार्यकारिणीपुढे आम्ही हाच क्रम ठेवला आहे : आधी तक्ता, मग आरएफआय, त्याची उत्तरे वाचून बैठक, आणि त्यानंतरच, गरज वाटल्यास, आरएफपी. याला काही महिने लागतील. कोणी म्हणेल, इतका वेळ कशाला? चांगला विक्रेता पाहा आणि घेऊन टाका. पण एकदा साऱ्या मुलांची माहिती एका प्रणालीत गेली, की ती बदलणे म्हणजे भरल्या घराचे छप्पर बदलणे. आधीचे काही महिने नंतरची काही वर्षे वाचवतात.

पालकांना एक विनंती आहे. या अंकासोबत दिलेल्या कागदावर आपल्या पाल्याचे पूर्ण नाव, जसे दाखल्यावर हवे तसे, देवनागरीत स्पष्ट अक्षरात लिहावे. जन्मदाखल्यावरील आणि आधारवरील नावाशी ते ताडून पाहावे. फरक असेल तर खाली नोंदवावा. कोणत्याही प्रणालीपेक्षा हे काम महत्त्वाचे आहे, कारण चुकीचे नाव कितीही महाग संगणकात भरले तरी ते चुकीचेच छापले जाते.

स्वाध्याय (अकरावी-बारावी, वाणिज्य)

१. खालीलपैकी कशासाठी आरएफआय, कशासाठी आरएफपी आणि कशासाठी आरएफक्यू योग्य, ते कारणासह लिहा : अ) ४० डझन वह्या. आ) शाळेच्या छतावर सौर वीज बसवावी का, याचा विचार. इ) स्नेहसंमेलनासाठी मंच, ध्वनी व प्रकाश यांची एकत्र व्यवस्था, तारीख आणि सभागृह ठरलेले आहे.

२. ग्रंथालयाची किमान पाच कामे आणि पाच माहितीचे प्रकार घेऊन 'त' आणि 'व' यांचा तक्ता काढा. ज्या रकान्यात दोन 'त' येतात, तिथे काय अडचण येऊ शकते ते सांगा.

३. वर दिलेल्या उदाहरणात कामाचे वजन किती टक्के ठेवले, तर 'अ' आणि 'ब' यांचे गुण बरोबर सारखे होतील? गणित मांडून दाखवा.

४. "सॉफ्टवेअर वेगवान असावे" हे वाक्य तपासता येईल अशा भाषेत पुन्हा लिहा.

उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. दुसऱ्या प्रश्नातील चांगले तक्ते आम्ही कार्यकारिणीच्या बैठकीत प्रत्यक्ष वापरणार आहोत, तेव्हा ते मन लावून करावेत.